घरचं डिस्टॉर्शन पेडल : आधी आवाज, मग डबी, मग रंग

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : गिटारसाठी एका आयसीचं डिस्टॉर्शन पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारी डबी) घरी जोडायचं आणि त्याची डबी मनासारखी सजवायची. पहिल्याच उत्तरात पूर्ण सर्किट दिलं आहे. पुढची उत्तरं त्याच सर्किटाला धरून आहेत.

प्रश्न : मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स केल्यामुळे सोल्डरिंग जमतं. पहिलं पेडल कोणतं बनवावं? सामान आणि जोडणी सविस्तर द्याल का? (एक वाचक, कोल्हापूर)

एका ऑपअँपचं (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचं) डिस्टॉर्शन बनवा. फझ फेस या जुन्या पेडलच्या वळणाचं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट कागदावर छोटं दिसतं, पण प्रत्येक ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वेगळा निघतो आणि बायस जुळवण्यात नवख्या माणसाचे दोन-तीन रविवार जातात. ऑपअँपचं तसं नाही. किमती बरोबर असल्या आणि सोल्डर नीट असलं की ते वाजतंच. १९७० च्या दशकात अमेरिकेत एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचं २५० अशी दोन पेडलं निघाली. दोन्हींचा गाभा जवळजवळ एकच आहे. खालच्या किमती डीओडीच्या वळणाच्या आहेत.

आयसी ७४१ किंवा टीएल०७१ घ्या, दोन्हींच्या पिना सारख्या. सोबत आठ पिनांचा आयसी बेस हवाच. रेझिस्टर (दुकानात ‘रेझिस्टन्स’ मागा) पाव वॉटचे : १० के दोन, २२ के दोन, ४.७ के दोन, ४७० के एक, १ मेग एक, २.२ मेग एक. कपॅसिटर : १० नॅनोफॅरड (वर १०३ छापलेलं असतं), ४७ नॅनो (४७३), १ नॅनो (१०२), आणि २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक ४.७, १० व १०० मायक्रोफॅरडचे प्रत्येकी एक. डायोड १एन४१४८ दोन, १एन५८१७ एक. पॉट ५०० के आणि १०० के (लॉग, म्हणजे वर ए१०० के लिहिलेला). पाव इंची मोनो जॅक दोन, नऊ पायांचा थ्रीपीडीटी फूटस्विच, प्लॅस्टिक बॉडीचा डीसी जॅक, एलईडी, दोन नॉब आणि १२५बी मापाची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची डबी (साधारण १२२ बाय ६६ बाय ३९ मिलिमीटर). मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर सहज मिळतात. फूटस्विच आणि डबी मात्र बहुधा ऑनलाइन मागवावी लागते.

आता जोडणी. अ‍ॅडॅप्टरचा प्लस १एन५८१७ मधून (पट्ट्याची बाजू सर्किटकडे) आत येतो. तिथून ग्राउंडला १०० मायक्रोचा कपॅसिटर. त्याच प्लसपासून ग्राउंडपर्यंत २२ केचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. मधल्या बिंदूवर अर्धा व्होल्टेज मिळतो. त्या बिंदूवरून ग्राउंडला १० मायक्रो, प्लस बाजू बिंदूकडे. आयसीची पिन ७ प्लसला, पिन ४ ग्राउंडला.

गिटारचा सिग्नल १० नॅनो आणि १० के मधून पिन ३ ला जातो. अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूवरून ४७० के पिन ३ ला आणा. पिन ६ आणि पिन २ यांच्यात १ मेग. पिन २ पासून ४७ नॅनो, ४.७ के आणि ५०० केचा गेन पॉट अशी रांग लावून ग्राउंड. आउटपुट पिन ६ वरून ४.७ मायक्रो (प्लस बाजू पिनेकडे) आणि मग १० के. त्या १० केच्या पलीकडच्या टोकाला दोन १एन४१४८ उलटसुलट ग्राउंडला, शेजारी १ नॅनो ग्राउंडला, आणि तिथूनच व्हॉल्यूम पॉटच्या तिसऱ्या पायाला. दुसरा पाय आउटपुट, पहिला ग्राउंड. इनपुटच्या टोकावरून २.२ मेग ग्राउंडला लावायला विसरू नका. तो नसला तर स्विच दाबताच स्पीकरमधून ‘टॉक्’ असा ठोका येतो.

हे काम कसं करतं ते कळलं की पुढे बदल करणं सोपं जातं. गेन पॉट पूर्ण उघडला की १ मेगला ४.७ केने भागून १ मिळवायचा. सुमारे २१४ पट. एवढा मोठा झालेला सिग्नल डायोडवर आपटतो आणि ०.६ व्होल्टच्या आसपास दोन्ही बाजूंनी सपाट कापला जातो. तो काप म्हणजेच डिस्टॉर्शन. ४७ नॅनो आणि ४.७ के मिळून ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांचा गेन कमी करत नेतात, म्हणून ८२ हर्ट्झची जाडी तार चिखलासारखी पसरत नाही. ७४१ ची बँडविड्थ गेन १ असताना १ मेगाहर्ट्झ आहे. २१४ पटीला ती ४.७ किलोहर्ट्झपर्यंतच उरते आणि वरची धार आपोआप बोथट होते. टीएल०७१ तीनपट वेगवान, म्हणून जास्त कर्कश. आमच्या मते या सर्किटात जुनी, स्वस्त ७४१ च शोभते. बेस लावलेला असेल तर दोन्ही घालून कानांनी ठरवा.

आधी ब्रेडबोर्डवर वाजवून बघा, मग झिरो पीसीबीवर उतरवा. डबीला भोक पाडायची घाई नको.

प्रश्न : हेच सर्किट केलं. स्विच बंद असताना गिटारचा साधा आवाज येतो. चालू केला की एलईडी लागतो, पण आवाज नाही. तीनदा तपासलं. (एक वाचक, पुणे)

एलईडी लागतो याचा अर्थ वीज आणि स्विचचा मधला भाग ठीक आहे, एवढाच. ऑडिओचा रस्ता वेगळा असतो.

पहिली शंका स्विचच्या वायरिंगची. स्विच उलटा धरा, पायांची चपटी पाती आडवी दिसली पाहिजेत. आता उभे तीन रकाने म्हणजे तीन वेगळे स्विच, आणि मधली ओळ कॉमन. डाव्या रकान्याचा कॉमन इनपुट जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पायाला), उजव्याचा कॉमन आउटपुट जॅकच्या टिपला. वरच्या ओळीत डावा पाय सर्किटच्या इनपुटला आणि उजवा पाय व्हॉल्यूम पॉटच्या दुसऱ्या पायाला. खालच्या ओळीतले डावा-उजवा पाय एकमेकांना जोडायचे, तो बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सरळ जाण्याचा रस्ता). मधल्या रकान्यात कॉमन ग्राउंडला आणि वरचा पाय एलईडीच्या मायनसला. एलईडीचा प्लस उरलेल्या ४.७ के मधून अ‍ॅडॅप्टरच्या प्लसला. स्विच ९० अंशांत फिरवून धरला असेल तर सगळंच चुकतं. म्हणून मल्टिमीटर बझरवर ठेवून कोणते पाय एकमेकांशी जुळतात ते दोन्ही स्थितींत पाहा. तसंच एका पायावर सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवलं तर आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि संपर्क अडकतो. नवा स्विच ‘कधी लागतो, कधी नाही’ असं करत असेल तर कारण बहुतेक हेच.

स्विच बरोबर असेल तर व्होल्टेज घ्या. काळी प्रोब ग्राउंडला. पिन ७ वर ९ च्या किंचित खाली, पिन ४ वर शून्य, पिन ६ आणि २ वर साधारण ४.३ ते ४.५. पिन ३ वर थोडं कमी दिसेल. ती चूक नव्हे : ४७० के मधून येणारा व्होल्टेज मीटर स्वतःच थोडा खाली ओढतो. पिन ६ वर ८ किंवा १ असं टोकाचं काही दिसलं तर पिन ३ ला अर्धा व्होल्टेज पोचत नाही, किंवा १ मेग सुटला आहे. ४७० केच्या जागी ४.७ के बसला असेल तर व्होल्टेज बरोबर दिसतील, पण आवाज बारीक येईल. पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४७० के, पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ के. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि नारिंगी पट्ट्यांची गफलत फार होते. रंगावर विसंबू नका, प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजा.

व्होल्टेज ठीक असूनही आवाज नसेल तर ऑडिओ प्रोब बनवा. जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा, जाळी सर्किटच्या ग्राउंडला लावा आणि मधल्या तारेला १०० नॅनोचा (१०४) कपॅसिटर सोल्डर करा. केबलचं दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये, आवाज अगदी कमी. मोबाइलवरचं गाणं सर्किटच्या इनपुटला सोडा आणि कपॅसिटरचा मोकळा पाय एकेका ठिकाणी टेकवत चला : इनपुट, १० नॅनोच्या पलीकडे, पिन ३, पिन ६, डायोड, व्हॉल्यूम पॉट. गाणं जिथे थांबलं, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मध्ये दोष. पिन ६ वर जोरात ऐकू येतं आणि डायोडवर काहीच नाही, असं झालं तर बहुधा डायोडजवळ सोल्डरचा थेंब ग्राउंडला चिकटलेला असतो. झिरो पीसीबीच्या भोकांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, एवढ्या जागेत थेंब सहज ओघळतो. बोर्ड उजेडासमोर धरून जुन्या टूथब्रशने घासला की तो दिसतो.

ड्राय सोल्डर ओळखायचं तर चकाकी बघा. चांगला टाका चमकतो आणि पायाभोवती डोंगराच्या उतारासारखा बसतो. राखाडी, गोळा झालेला टाका पुन्हा तापवून थोडं नवं सोल्डर द्या.

प्रश्न : गेनचा नॉब तीन चतुर्थांश फिरवला तरी फरक जाणवत नाही, शेवटी एकदम आरडाओरडा सुरू होतो. पॉट खराब आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

पॉट चांगला आहे, जात चुकली. तुमचा पॉट लिनिअर म्हणजे बी५०० के असणार. गणित बघा : अर्ध्यावर २५० के उरतात, गेन जेमतेम ५. नऊ दशांश फिरवल्यावर ५० के, गेन १९. उरलेल्या एका दशांशात १९ वरून २१४. इथे रिव्हर्स लॉग, म्हणजे सी५०० के लागतो. त्याचा दुसरा आणि तिसरा पाय वापरायचा. तो मिळाला नाही तर साधा लॉग ए५०० के घेऊन पहिला आणि दुसरा पाय वापरा. चढ सारखा मिळेल, फक्त नॉब उलट्या दिशेने, डावीकडे फिरवला की गेन वाढेल. डबीवर बाण रंगवताना हे ध्यानात ठेवा.

पायांचे क्रमांक दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरून डावीकडून मोजतात. डबी उघडून मागून काम करताना तेच उलटे दिसतात. व्हॉल्यूमचा नॉब उलटा चालतो अशी तक्रार येते ती यामुळेच.

प्रश्न : घरात वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा जुना अ‍ॅडॅप्टर आहे. तो चालेल? (एक वाचक, पणजी)

जसाच्या तसा नाही. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरला बहुतेक वेळा मधली पिन प्लस असते. गिटार पेडलांचा रिवाज उलटा : मध्ये मायनस, बाहेर प्लस. अ‍ॅडॅप्टरवरच्या छोट्या वर्तुळाच्या चित्रात ते दिसतं, तरी मीटरने खात्री करा. आमच्या सर्किटात १एन५८१७ असल्यामुळे उलटा लावला तर पेडल नुसतं गप्प बसेल. तो डायोड गाळला असेल तर आयसी आणि इलेक्ट्रोलिटिक दोन्ही जातील. वायर कापून उलट जोडता येते, पण मग त्या अ‍ॅडॅप्टरवर ठळक खूण करा, नाहीतर कुणीतरी तो परत राउटरला लावेल.

बाहेरची बाजू प्लस असल्यामुळेच डीसी जॅक प्लॅस्टिक बॉडीचा सांगितला. धातूच्या बॉडीचा घेतला तर ९ व्होल्ट सरळ डबीला, आणि डबी ग्राउंडला, म्हणजे थेट शॉर्ट. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर एकदा ९ व्होल्टच्या बॅटरीवर वाजवून बघा. बॅटरीवर शांत झालं तर दोष अ‍ॅडॅप्टरचा. हे पेडल एलईडीसकट साधारण साडेतीन मिलिअँपियर खातं, चांगली अल्कलाइन बॅटरी शंभर तासांच्या वर टिकते.

प्रश्न : स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा किंवा प्लॅस्टिकचा टिफिन वापरला तर? (एक वाचक, नागपूर)

स्टीलचा डबा आवाजाच्या दृष्टीने उत्तम, पण पत्रा पातळ असतो. फूटस्विचवर पायाचा दाब पडला की मधून दबतो आणि झाकण निसटतं. आतून स्विचखाली लाकडाचा ठोकळा बसवला तर निभतं. स्टेनलेस स्टीलला भोक पाडताना ड्रिल हळू फिरवा, थेंबभर तेल द्या आणि दाब कायम ठेवा. जोरात फिरवलं तर ती जागा तापून इतकी कडक होते की पुढे टोक घसरतच राहतं. प्लॅस्टिकला शिल्डिंग नसतं. २१४ पट गेनमध्ये ट्यूबलाइटची घरघर आणि पंख्याच्या रेग्युलेटरची खरखर दोन्ही ऐकू येतील. आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी लागेल, आणि एवढं करूनही पायाखाली प्लॅस्टिक तडकतंच. आमचा सल्ला : पैसे साठवून ओतीव डबीच घ्या.

प्रश्न : रंगवण्याआधी पेडल शांत होतं. डबीला पावडर कोटिंग करून आणलं, सगळं परत बसवलं, आता सतत हम येतो. डबीला हात लावला की तो बदलतो. सर्किटात काही बिघडलं का? (एक वाचक, ठाणे)

सर्किट ठीक आहे, डबी सर्किटपासून तुटली आहे. हे फार जणांच्या बाबतीत घडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

धातूची डबी नुसतं कवच नसते. जॅकची धातूची मान डबीला टेकते, जॅकचा स्लीव्ह (प्लगच्या दांड्याला टेकणारा भाग) ग्राउंड असतो, त्यातून सगळी डबी ग्राउंड होते आणि बाहेरचा गोंगाट तिच्यातच अडतो. पावडर कोटिंग म्हणजे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजलेलं प्लॅस्टिकच. थर ६० ते १०० मायक्रॉनचा आणि पक्का इन्सुलेटर. तो भोकाच्या कडेवर, आतल्या भिंतीवर, झाकणाच्या ओठावर सगळीकडे बसला, आणि डबी अँटेना झाली. हात लावल्यावर हम बदलतो ही त्याचीच खूण.

मीटर बझरवर ठेवा. एक प्रोब जॅकच्या स्लीव्हला, दुसरी झाकणाच्या स्क्रूला. वाजला नाही तर निदान पक्कं. इनपुट जॅक सोडवा, आतल्या बाजूने भोकाभोवती ५-६ मिलिमीटरचा पट्टा चाकूने खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, दातेरी वॉशर घालून घट्ट बसवा. झाकणाचंही एका स्क्रूच्या भोकाभोवती तसंच करा, नाहीतर झाकण एकटंच तरंगत राहील. बाहेरून काहीच दिसत नाही.

पुढच्या वेळी कोटिंगवाल्याला ‘आतून आणि झाकणाच्या कडेला मास्किंग’ असं आधीच सांगा. भोकं कोटिंगच्या आधी पाडा आणि किंचित मोठी ठेवा. पॉटसाठी ७ च्या ऐवजी साडेसात, जॅकसाठी साडेनऊच्या ऐवजी १०, फूटस्विचसाठी १२ च्या ऐवजी साडेबारा मिलिमीटर. दोन्ही बाजूंचा थर मिळून भोक ०.२ मिलिमीटरने आवळतं. नंतर कानस मारायला गेलं की कोटिंगची टवकळी उडते.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रेने डबी रंगवली. काळा रंग दुधाळ झाला. वरून लॅकर मारला तर सुरकुत्या पडल्या. कुठे चुकलं? (एक वाचक, रत्नागिरी)

दोन वेगळ्या चुका आहेत. दुधाळपणा दमट हवेचा : थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगात अडकतं. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्प्रे उघड्यावर मारूच नये. मारायचाच असेल तर पाऊस थांबलेल्या दिवशी दुपारी, आणि डबी आधी तासभर उन्हात किंवा बल्बखाली कोमट करून. सुरकुत्या मात्र रसायनाच्या. खाली ऑइल पेंट आणि वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असेल तर लॅकरचा जालीम थिनर खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला फुगवतो. रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) एकाच जातीचे घ्या, शक्यतो एकाच कंपनीचे, आणि आधी झाकणाच्या आतल्या बाजूवर करून बघा.

आता सगळं खरवडा आणि नव्याने सुरुवात करा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ४०० ने. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने शिवू नका. बोटाचा तेलकट ठसा रंगाखालून उठून दिसतो. अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, एच प्रायमर (इंग्रजीत etch, धातूला किंचित खाऊन पकड धरणारा) हवाच. नसला तर पहिल्याच प्रवासात फूटस्विचभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रंगाचे चार-पाच पातळ हात, २५ सेंटिमीटरवरून, दोन हातांमध्ये १५ मिनिटं. पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. एका हातात झाकायला गेलात की ओघळ येतात.

अक्षरांसाठी दोन सोपे मार्ग. एक, वॉटरस्लाइड डेकल. लेझर प्रिंट असेल तर तसाच चालतो, इंकजेट असेल तर कागदावर आधी क्लिअरचे दोन-तीन हात द्या, नाहीतर शाई पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात मिनिटभर, मग सरकवून बसवा, मधून कडेकडे पाणी काढा, एक दिवस वाळू द्या. प्रिंटर पांढरा छापत नाही, म्हणून खालचा रंग फिकाच हवा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो : नंबर प्लेटच्या दुकानात रेडियम कापून घ्या आणि त्याचं स्टेन्सिल करा. देवनागरी अक्षरं किमान ६ मिलिमीटर उंच ठेवा. त्याहून लहान केलीत तर अनुस्वाराचे ठिपके आणि पोटातली भोकं सोलताना हरवतात. ‘आवाज’ आणि ‘धार’ हे दोन शब्द नॉबखाली फार छान दिसतात.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. निदान आठवडाभर थांबा. नट आवळल्यावर रंग वॉशरखाली गोळा होतो, तो घाईचा परिणाम.

प्रश्न : द्राक्षबागेमुळे मोरचूद घरात असतो. त्याने अ‍ॅल्युमिनियमवर नक्षी कोरता येते असं ऐकलं. खरं आहे? (एक वाचक, नाशिक)

खरं आहे. मोरचूद आणि मीठ समान वजनात, प्रत्येकी ७५ ग्रॅम एक लिटर पाण्यात. नुसता मोरचूद अ‍ॅल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या थराला भेदत नाही, ते काम मीठ करतं. जी जागा उंच ठेवायची तिथे रेडियम किंवा नेलपॉलिश, बाकी सगळी डबी टेपने बंद. भोकं कोरल्यानंतर पाडा. प्लॅस्टिकच्या टोपलीत, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून : द्रावण तापतं आणि हायड्रोजन सुटतो, जवळपास विडी-सिगारेट, शेगडी काही नको. तपकिरी तांब्याचा गाळ धरेल, तो मऊ ब्रशने सारत राहा, नाहीतर खालचं कोरणं थांबतं. ०.२ मिलिमीटर खोली पुरे. नंतर काळा रंग भरून वरून ४०० च्या पेपरने घासला की नक्षी उमटते. वापरलेलं द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका, तांबं माशांना घातक असतं. धुण्याचा सोडा थोडाथोडा घालून निळा-हिरवा गाळ खाली बसवा आणि तो वेगळा काढा.

प्रश्न : मी वारली चित्रं काढते. मुलाच्या पेडलवर काढायची आहेत. कोणता रंग टिकेल आणि एवढ्याशा जागेत रचना कशी करावी? (एक वाचक, डहाणू)

भिंतीवरच्या तांदळाच्या पिठाचा रंग इथे टिकणार नाही. जमिनीसाठी, म्हणजे चित्रामागच्या रंगासाठी, गेरूच्या छटेचा मॅट अ‍ॅक्रिलिक स्प्रे, खाली एच प्रायमर. चित्रासाठी पांढरा अ‍ॅक्रिलिक, दुधाइतका पातळ करून, तीन शून्यांच्या ब्रशने किंवा अ‍ॅक्रिलिक पेनने. चकचकीत जमिनीवर रेघ फुटते, म्हणून मॅटच.

रचनेआधी नॉब बसवून त्यांच्याभोवती पेन्सिलने वर्तुळ काढा. नॉब २० मिलिमीटरचा असेल तर २४ मिलिमीटरच्या आत काही काढू नका, बोटांनी घासून जाईल. माणसं १२ ते १५ मिलिमीटर उंच ठेवा.

आता एक सुचवतो. पॉट पूर्ण गोल फिरत नाही, सुमारे ३०० अंश फिरतो आणि खाली ६० अंशांची फट उरते. तारप्याच्या नाचाची साखळीही पूर्ण बंद नसते. नॉबभोवती नाचणाऱ्यांची साखळी त्या ३०० अंशांत काढा, शून्याशी पहिला माणूस, पूर्णावर शेवटचा, आणि फटीत तारपा वाजवणारा. अकरा माणसं समान अंतरावर घेतली तर शून्य ते दहा अशी मोजपट्टी आपोआप तयार होते, आकडे लिहायची गरजच नाही. स्टेजवरच्या अंधारातही मुलाला कळेल की नॉब सातव्या नाचणाऱ्यावर आहे. गेनला ए५०० के लावला असेल तर साखळी उलटी, उजवीकडून सुरू करा.

लग्नात भिंतीवर काढतात तो देवचौक आणि त्यातली पालघट देवी मात्र इथे नको. ही पायाने दाबायची वस्तू आहे. फूटस्विचभोवती झाडं, डोंगर, फार तर कोंबड्या शोभतील. तिथे बुटाचा घास लागतो, म्हणून स्विचच्या केंद्रापासून १५ मिलिमीटर जागा कोरी सोडा.

चित्र दोन दिवस वाळल्यावर मॅट क्लिअरचे तीन हात. पहिला अगदी धुक्यासारखा, लांबून : ओला हात दिला तर पांढरा रंग गेरूत पाझरून गुलाबी होतो. क्लिअर आठवडाभर वाळल्यावर पॉट आणि जॅक बसवा, बाहेरच्या प्रत्येक नटाखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि पान्याऐवजी आधी हाताने आवळा. आतली इनपुट जॅकभोवतीची जागा खरवडलेली आहे ना, हे झाकण लावण्यापूर्वी मीटरने एकदा बघून घ्या.